सेट टॉप बॉक्समधले रेकॉर्डिंग घरातल्याच दुसऱ्या टीव्हीवर का चालत नाही?

प्रश्न : मुलुंड पूर्व

नमस्कार. घरातल्या डिजिटल टीव्हीबद्दलच्या काही शंकांचे समाधान सेवा कंपनीच्या ग्राहक मदत केंद्राकडून झाले नाही, म्हणून त्या येथे थोड्या विस्ताराने मांडत आहे.

आमच्या इमारतीत एकाच मजल्यावर आमच्या दोन लगतच्या सदनिका आहेत. एकीत आम्ही राहतो, दुसरीत सासूबाई राहतात. दोन्हीकडे वायफाय एकच आहे. सासूबाईंकडे रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट टॉप बॉक्स होता आणि त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कवर त्यांनी कीर्तने, नाट्यसंगीताच्या मैफली, सह्याद्री वाहिनीवर पुन्हा दाखवलेल्या काही जुन्या मुलाखती असे बरेच काही जपून ठेवले होते. तो बॉक्स बिघडला आणि कंपनीने नवा दिला. आता तीच डिस्क नव्या बॉक्सला जोडली की ती वापरण्याआधी फॉरमॅट करण्याची सूचना येते. माझ्या भाच्याने ती लिनक्स असलेल्या संगणकाला जोडून पाहिली. फाइली दिसतात, त्यांचे आकारही दिसतात, परंतु कोणत्याही प्लेअरमध्ये त्या उघडत नाहीत.

दुसरी अडचण नव्या बॉक्सची आहे. त्यातले रेकॉर्डिंग वायफायवरून आमच्या घरच्या टीव्हीवर पाहता यावे, एवढीच अपेक्षा आहे. संगणकावर ठेवलेली मुलांच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत आमच्या टीव्हीवर विनातक्रार चालते, पण सेट टॉप बॉक्स मात्र टीव्हीच्या उपकरणांच्या यादीत कधीही दिसत नाही. तिसरी अडचण अशी, की हा बॉक्स जुन्या होम थिएटरमधून टीव्हीला जोडला तर अनेकदा पडदा काळा होतो आणि एचडीसीपीसंबंधी काहीतरी संदेश येतो. तोच बॉक्स थेट टीव्हीला जोडला की चित्र व्यवस्थित दिसते.

हे सगळे बिघाड आहेत की कोणी तरी जाणूनबुजून घातलेली बंधने आहेत? बंधने असतील तर ती सरकारच्या नियमाने आली की कंपनीच्या मर्जीने? आणि स्वतःपुरते रेकॉर्डिंग करणे कायद्याने मान्य असेल, तर ते असे कुलूपबंद करून ठेवण्याचा अधिकार कंपनीला कोणी दिला? दोन्ही घरांच्या जोडण्यांचे शुल्क आम्ही वेळेवर भरतो. फुकट पाहण्याचा किंवा कोणाला वाटण्याचा हेतू नाही.

उत्तर : जुनी कंट्रोल रूम

मी निवृत्तीपूर्वी केबलच्या हेडएंडमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत कंट्रोल रूममध्ये, तांत्रिक काम पाहत असे. तुमच्या तीन अडचणी वरकरणी सारख्या वाटल्या तरी त्यांच्यामागे तीन वेगवेगळी कुलपे आहेत, आणि ती लावणारेही वेगवेगळे आहेत. त्यामुळे क्रमाने पाहू.

सर्वप्रथम सिग्नल घरी कसा येतो ते लक्षात घ्यावे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमन कायदा १९९५ चा आहे. त्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि प्रत्येक वाहिनी डिजिटल अॅड्रेसेबल यंत्रणेतून, म्हणजे प्रत्येक बॉक्सला वेगळे ओळखून चालू-बंद करता येईल अशा यंत्रणेतून, तीही कूटबद्ध स्वरूपातच पाठवणे केबलचालकांना बंधनकारक झाले. मुंबईत त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी संपली आणि त्यानंतर टीव्हीला थेट खुपसलेली वायर निरुपयोगी झाली. यातला मुद्दा असा, की केवळ सशुल्क वाहिन्याच नव्हे, तर दूरदर्शनसारखी विनाशुल्क वाहिनीसुद्धा केबलवरून येताना कूटबद्ध होऊनच येते. ती उलगडण्याची किल्ली बॉक्समध्ये असते. प्रत्यक्षात ती दर काही सेकंदांनी बदलते आणि तुमची वर्गणी चालू असेल तरच बॉक्स नवी किल्ली वापरू शकतो. या यंत्रणेला आम्ही कॅस, म्हणजे सशर्त प्रवेश यंत्रणा, म्हणतो.

आता रेकॉर्डिंग. आलेला कार्यक्रम उघड्या स्वरूपात डिस्कवर लिहिला, तर कोणीही डिस्क काढून त्याच्या हव्या तितक्या प्रती करू शकेल. म्हणून बॉक्स तो कार्यक्रम डिस्कवर लिहिताना पुन्हा कूटबद्ध करतो, आणि ही दुसरी किल्ली त्या विशिष्ट बॉक्सच्या चिपमध्ये कारखान्यातच कायमची कोरलेली असते. ती बाहेर काढता येत नाही, दुसऱ्या बॉक्समध्ये हलवता येत नाही आणि कंपनीच्या दूरध्वनी केंद्रावरील व्यक्तीला तर ती ठाऊकही नसते. भाच्याला फाइलींचे आकार दिसले, कारण फाइलींची यादी कूटबद्ध केलेली नाही. आतला मजकूर मात्र आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी ही गत आहे: उघडे चित्र त्या डिस्कवर कधी उतरलेलेच नाही, मग प्लेअर कितीही बदलले तरी ते सापडणार नाही.

हे कंपनीच्या लहरीने होते असे मात्र नाही. ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, याच्या २०१७ च्या आंतरजोडणी विनियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात बॉक्स आणि कॅस यांच्यासाठी तांत्रिक अटी आहेत. त्यांत रेकॉर्डिंगची सोय असलेल्या बॉक्समध्ये प्रतसंरक्षणाची यंत्रणा असलीच पाहिजे, असे एका वाक्यात सांगितले आहे. याच अटींमध्ये फिंगरप्रिंटिंगही येते. पडद्यावर अधूनमधून एखादा लांबलचक क्रमांक उमटतो ना, तो तुमच्या बॉक्सचा किंवा व्ह्यूइंग कार्डाचा असतो. तो चित्राच्या सर्वांत वरच्या थरावर यावा आणि रिमोटचे कोणतेही बटण दाबून जाऊ नये, अशी अट आहे. कोणी पडद्यासमोर कॅमेरा धरून चित्रीकरण केले, तर ते कोणत्या बॉक्ससमोर झाले हे त्यावरून कळते.

दुसरे कुलूप एचडीएमआय तारेवर आहे. त्याचे नाव एचडीसीपी. ते इंटेल कंपनीने विकसित केले आणि त्याचे परवाने तिच्याच एका उपकंपनीमार्फत दिले जातात. त्याचा ट्रायशी थेट संबंध नाही. तार जोडल्यावर बॉक्स आणि टीव्ही एकमेकांची ओळख पटवतात, समाईक किल्ली ठरवतात आणि मगच चित्र वाहू लागते. जुन्या १.४ आवृत्तीत ही जोडणी अबाधित आहे की नाही याची खातरजमा चित्राच्या दर १२८ चौकटींमागे (फ्रेममागे) एकदा, म्हणजे साधारण दोन सेकंदांनी होत राहते. तुमच्या बाबतीत मध्ये जुने होम थिएटर आहे. ते केवळ तार पुढे नेत नाही. ते स्वतः एक स्वीकारणारे आणि पुन्हा पाठवणारे उपकरण ठरते, आणि साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला परवाना असावाच लागतो. नवा बॉक्स फोरके असेल तर तो काही कार्यक्रमांसाठी एचडीसीपी २.२ मागतो. होम थिएटर १.४ पर्यंतच बोलू शकत असेल, तर बॉक्स चित्र रोखून धरतो. थेट टीव्हीला जोडल्यावर चित्र येते याचे कारण हेच. यावर सोपा आणि पूर्णपणे नियमात बसणारा उपाय म्हणजे बॉक्स थेट टीव्हीलाच जोडावा आणि आवाज तेवढा टीव्हीच्या एआरसी (एचडीएमआय तारेतूनच आवाज परत पाठवणारी सोय) किंवा ऑप्टिकल जोडणीतून होम थिएटरकडे न्यावा.

तिसरे कुलूप घरच्या नेटवर्कचे, आणि माझ्या मते सर्वांत विचार करण्यासारखे हेच आहे. संरक्षित कार्यक्रम वायफायवरून किंवा लॅनच्या तारेवरून दुसऱ्या टीव्हीकडे नेण्यासाठी डीटीसीपी नावाची पद्धत हिताची, इंटेल, मात्सुशिता, सोनी आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून बनवली. तीत प्रत्येक कार्यक्रमावर चारपैकी एक शिक्का असतो: मुक्तपणे प्रत करा, एकदाच प्रत करा, आता आणखी प्रत नको, आणि कधीच प्रत करू नका. पहिल्या शिक्क्याचा कार्यक्रम जसाच्या तसा जातो. बाकीचे तीन नेटवर्कवरून जाताना कूटबद्ध होतात आणि परवानाधारक टीव्हीलाच उलगडतात. ‘एकदाच प्रत करा’ या शिक्क्याचा कार्यक्रम रेकॉर्ड झाला, की डिस्कवरील प्रतीचा शिक्का आपोआप ‘आणखी प्रत नको’ असा होतो.

तुमच्या दोन सदनिकांचा प्रश्न इथे येतो. या पद्धतीच्या लेखी घर म्हणजे काय? भिंती, शिधापत्रिका, मालमत्तेचे पत्रक यांतले तिला काहीच कळत नाही. ती दोन गोष्टी मोजते. माहितीची पाकिटे तीनपेक्षा जास्त राउटर ओलांडू शकणार नाहीत अशीच पाठवली जातात, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सात मिलिसेकंदांच्या आत परत आले पाहिजे. तेवढ्यात आले तर समोरचे उपकरण घरात, नाही तर घराबाहेर. एकाच वायफायवरच्या तुमच्या दोन सदनिका या व्याख्येत बहुधा एकच घर ठरल्या असत्या. उलट एकाच खोलीत अडखळणारे वायफाय असेल तर शेजारचा टीव्हीही परका ठरू शकतो. पण हे सगळे बॉक्समध्ये ती सोय असेल तर. आपल्याकडच्या बॉक्समध्ये ती क्वचितच दिली जाते, म्हणून तुमचा बॉक्स यादीत दिसतच नाही. प्रतसंरक्षण असावे असे नियम सांगतो. घरातल्या घरात कार्यक्रम फिरवता यावा असे मात्र तो कोठेही सांगत नाही.

उत्तर : पोटकलम

वरील तांत्रिक विवेचनाला कायद्याची बाजू जोडतो. मी वकिली करतो, परंतु हे सर्वसाधारण वाचन आहे, एखाद्या प्रकरणातील सल्ला नव्हे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ३७ नुसार प्रसारण संस्थेला तिच्या प्रसारणावर एक वेगळा हक्क मिळतो आणि तो २५ वर्षे टिकतो. तिच्या परवानगीविना त्या प्रसारणाचे ध्वनिमुद्रण वा दृश्यमुद्रण करणे हा त्या हक्काचा भंग आहे. मात्र लगेच पुढे कलम ३९ येते, आणि त्याच्या पहिल्याच उपवाक्यात म्हटले आहे की, मुद्रण करणाऱ्याच्या खासगी उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन अथवा संशोधनासाठी केलेले मुद्रण हा भंग ठरणार नाही. म्हणजे सासूबाईंनी स्वतःला ऐकण्यासाठी कीर्तन रेकॉर्ड करणे या कायद्याला मुळातच मान्य आहे. त्या प्रसारणात अंतर्भूत असलेल्या संगीत, नाट्य वा चित्रपटकृतींसाठी कलम ५२ मध्ये खासगी आणि वैयक्तिक उपयोगाचा वेगळा अपवाद आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तो संगणक प्रणाली वगळता सर्व प्रकारच्या कृतींना लागू झाला.

गंमत अशी, की त्याच २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आणले. हक्कांच्या रक्षणासाठी लावलेला परिणामकारक तांत्रिक उपाय, म्हणजे आपल्या चर्चेतील कुलूप, जो कोणी ते हक्क भंग करण्याच्या उद्देशाने निकामी करील त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. येथे ‘हक्क भंग करण्याच्या उद्देशाने’ हे शब्द अत्यंत महत्त्वाचे आहेत. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणे हाच स्वतंत्र अपराध आहे, मग आतली वस्तू कशासाठी हवी होती हा प्रश्न तेथे बराचसा गौण ठरतो. आपल्या संसदेने उद्देशाची अट घालून वेगळी वाट धरली. शिवाय याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, या कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कारणासाठी केलेली कृती वगळलेली आहे. दुसऱ्याला असे कुलूप उघडून देणाऱ्याने मात्र त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा सर्व तपशील आणि कारण यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असे परंतुक आहे. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या लॅमिंग्टन रोडवर एखादा दुकानदार अशी नोंदवही ठेवून बसला आहे, ही कल्पना मला नेहमीच मनोरंजक वाटत आली आहे.

मग तुमच्या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर काय? खासगी मुद्रण हा कायद्यातला अपवाद आहे. तो कंपनीवर बजावता येईल असा हक्क नाही. कलम ३९ तुम्हाला एवढेच सांगते, की तुम्ही रेकॉर्ड केलेत तर प्रसारकाला तुमच्यावर दावा करता येणार नाही. रेकॉर्ड करता यावे अशी सोय द्या, किंवा केलेले रेकॉर्डिंग दुसऱ्या बॉक्सवर चालू द्या, असे ते कोणालाही सांगत नाही. दुसरीकडे विनियमातली प्रतसंरक्षणाची अट कंपनीवर थेट बंधनकारक आहे, आणि कंपनी ती जेवढी कडक करील तेवढे तिला बरेच, कारण सैल ठेवल्यास वाहिन्या जाब विचारतात आणि कडक ठेवल्यास कोणीच विचारत नाही. कमीत कमी किती संरक्षण हवे हे आपल्याकडे लिहिलेले आहे. जास्तीत जास्त किती चालेल हे लिहिलेले नाही. सगळी अडचण या एका रिकाम्या जागेत आहे.

डिस्क उघडून देतो असे सांगणारे कोणी भेटले तर दोन गोष्टींचा विचार करावा. बॉक्स बहुतेकदा कंपनीच्याच मालकीचा असतो आणि त्यात फेरफार न करण्याचे तुम्ही करारात मान्य केलेले असते. दुसरे असे, की जुनी कंट्रोल रूम यांनी सांगितलेल्या रचनेत ते बहुधा शक्यही नसते. पैसे मात्र जातात.

प्रतिसाद : मुलुंड पूर्व

दोघांचेही मनापासून आभार. होम थिएटरचा प्रश्न काल रात्रीच सुटला. आवाज एआरसीतून घेतला आणि चित्र थेट टीव्हीवर. कलम ३९ सासूबाईंना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी विचारले, की रेकॉर्ड करणे गुन्हा नाही आणि ते पाहता येणेही कोणाचे कर्तव्य नाही, तर मग बॉक्सवर ते लाल बटण ठेवलेच कशाला? याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पोटकलम यांना एक पुरवणी प्रश्न: ‘जास्तीत जास्त किती’ हे इतर कोणत्या देशाने लिहून ठेवले आहे काय? आणि जुनी कंट्रोल रूम यांना: बिघडलेला बॉक्स कंपनीने परत नेलेला नाही, तो माळ्यावर पडून आहे. त्याचा काही उपयोग?

उत्तर : संकलन कक्ष

मी गोरेगावला मालिकांच्या संकलनाचे काम करतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूनेही दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. येथे सर्वांनी कुलपाकडे ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले आहे. परंतु भाग प्रसारित होण्याचा अवकाश, की त्याची स्वच्छ प्रत मोबाइलवरील गटांमध्ये फिरू लागते, हे आम्ही नित्य पाहतो. ती प्रत पडद्यासमोर कॅमेरा धरून काढलेली नसते. ती एखाद्या बॉक्समधून तारेनेच बाहेर काढलेली असते. मालिकेचा पुनःप्रक्षेपणाचा, परदेशी वाहिन्यांचा आणि ओटीटीचा व्यवहार पहिल्या प्रसारणानंतरच व्हायचा असतो, आणि त्यातून येणाऱ्या पैशावर निर्मात्यापासून प्रकाशयोजनेच्या मदतनिसापर्यंत अनेकांचे पुढचे काम अवलंबून असते. सासूबाईंची कीर्तने कोणी अडवू इच्छित नाही; पण बॉक्सला सासूबाई आणि चोर यांच्यातला फरक कळत नाही, हेही तितकेच खरे.

एचडीसीपीची मूळ किल्ली २०१० मध्ये फुटली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. त्यानंतर जुन्या आवृत्तीचे संरक्षण कागदावरच उरले, म्हणून नवे उच्च दर्जाचे कार्यक्रम २.२ वर नेले गेले. तुमच्या जुन्या होम थिएटरची अडचण झाली ती अखेर या फुटीमुळे, कोणाच्या खोडसाळपणामुळे नव्हे.

उत्तर : पोटकलम

संकलन कक्ष यांचा अनुभव मी नाकारत नाही. मात्र त्यांच्याच शेवटच्या परिच्छेदातून वेगळा निष्कर्ष निघतो. किल्ली फुटल्यावर ज्यांना प्रती काढायच्या होत्या त्यांनी त्या काढल्याच. जुने उपकरण निकामी झाले ते मात्र शुल्क भरणाऱ्या घरातले. संरक्षण असू नये असे माझे म्हणणे नाही. त्याची कमाल मर्यादा कोणी तरी लोकांसमोर ठरवावी, एवढेच आहे. पुरवणी प्रश्नाचे उत्तरही त्यातच येते.

जपानने ही मर्यादा ठरवण्याचा सर्वांत ठळक प्रयोग केला. तेथे एप्रिल २००४ पासून जमिनीवरील मनोऱ्यांवरून होणाऱ्या डिजिटल प्रसारणालाही ‘एकदाच प्रत’ हा शिक्का लागू झाला. रेकॉर्डरमधला कार्यक्रम डिस्कवर घेतला की रेकॉर्डरमधली प्रत पुसली जाई, आणि हलवताना मध्येच काही बिघडले तर दोन्ही जात. प्रेक्षकांची नाराजी वाढत गेली. सरकारी समितीत प्रसारक, हक्कधारक, उपकरण उत्पादक आणि ग्राहक यांची दीर्घ चर्चा झाली, आणि ४ जुलै २००८ पासून डबिंग टेन नावाची पद्धत आली. तीत नऊ प्रती काढता येतात आणि दहाव्या वेळी मूळ प्रतच हलवली जाते. दहा हा आकडा काही कोणत्या तत्त्वातून आलेला नाही, तो तडजोडीचा आकडा आहे. पण तो सर्वांना माहीत आहे आणि प्रत्येक रेकॉर्डरला तो पाळावा लागतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

अमेरिकेची कथा अधिक वळणाची आहे आणि तिचे दोन धागे लोक नेहमी एकत्र गुंफतात. २००३ मध्ये तेथील संचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, विनाशुल्क डिजिटल प्रसारणासोबत एक छोटा संकेत पाठवण्याची आणि तो पाळणे प्रत्येक ग्राहक उपकरणाला बंधनकारक करण्याची योजना आणली. तिला ब्रॉडकास्ट फ्लॅग म्हणत. १ जुलै २००५ पासून ती लागू व्हायची होती. त्याआधीच ६ मे २००५ रोजी ग्रंथालय संघटनेच्या अर्जावर तेथील अपील न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयाचे म्हणणे असे, की प्रसारण घरात पोहोचून पूर्ण झाल्यानंतर उपकरण त्याचे काय करते यावर नियम करण्याचा अधिकार विधिमंडळाने आयोगाला दिलेलाच नाही.

दुसरा धागा आपल्या दृष्टीने अधिक उपयोगाचा आहे. त्याच २००३ सालच्या दुसऱ्या आदेशात केबलसाठी कमाल मर्यादा घालून दिली होती: जे प्रसारण हवेतून विनाशुल्क आणि उघडे जाते, त्यावर प्रत रोखणारा शिक्का मारता येणार नाही, नेहमीच्या वर्गणीच्या वाहिन्यांवर फार तर ‘एकदाच प्रत’ मारता येईल, आणि ‘कधीच नाही’ हा शिक्का केवळ मागणीनुसार पाहायच्या कार्यक्रमांपुरता राहील. आपल्याकडे नेमकी हीच वाक्ये नाहीत. हे नियमही जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयात टिकले नाहीत, कारण पुन्हा आयोगाच्या अधिकाराचाच प्रश्न आला. म्हणजे ज्यांनी मर्यादा लिहिली त्यांच्याकडे ती आज उरली नाही. परंतु ती जवळपास दहा वर्षे लागू होती आणि त्या काळात केबल कंपन्या बुडाल्या नाहीत, हे संकलन कक्ष यांनी ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे ट्रायने एप्रिल २०२० मध्ये बॉक्सच्या परस्परसुसंगततेविषयी शिफारशी केल्या. कोणत्याही कंपनीचा बॉक्स कोणत्याही जाळ्यावर चालावा, त्यासाठी टीव्हीतही यूएसबीवर बसणाऱ्या कॅस मॉड्यूलची सोय असावी, असा त्यांचा रोख होता. चांगली दिशा आहे. मात्र बॉक्स बदलता आला तरी जुन्या बॉक्समधले रेकॉर्डिंग नव्यात चालेल असा त्याचा अर्थ नव्हे. ट्राय मसुद्यांवर लोकांच्या सूचना मागवते. पुढच्या वेळी ‘रेकॉर्डिंग त्याच ग्राहकाच्या बदली बॉक्सवर चालले पाहिजे’ एवढे एक वाक्य सुचवण्यास कोणाचीच हरकत नसावी, संकलन कक्ष यांचीही.

प्रतिसाद : संकलन कक्ष

त्याच ग्राहकाच्या, त्याच पत्त्यावरील बदली बॉक्सवर चालायला माझी हरकत नाही. ‘त्याच घरातल्या कोणत्याही उपकरणावर’ म्हटले की मात्र पुन्हा त्या सात मिलिसेकंदांपाशी यावे लागेल, आणि दूरच्या उपकरणाला जवळचे भासवण्याची युक्ती शोधून काढणारे लोक आमच्या धंद्याला चांगलेच परिचित आहेत.

उत्तर : जुनी कंट्रोल रूम

माळ्यावरच्या बॉक्सबद्दल. तो टाकू नका आणि ती डिस्क कोणत्याही परिस्थितीत फॉरमॅट करू नका. डिस्कची किल्ली त्या जुन्या बॉक्सच्या चिपमध्ये आहे, आणि बॉक्स बंद पडतात ते बहुतेक वेळा चिप जळून नव्हे, तर अॅडॉप्टर किंवा वीजपुरवठ्याच्या भागातील कपॅसिटर गेल्यामुळे. बॉक्सवरचा दिवाच लागत नसेल तर आधी तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा अधिक अँपिअरचा अॅडॉप्टर लावून पाहावा. दिवा लागतो पण बॉक्स सुरू होताना अर्ध्यावर अडकतो असे असेल, तर आधी डिस्क काढून ठेवावी आणि मग कंपनीचा तंत्रज्ञ बोलवावा. परस्पर उघडू नये.

बॉक्स सुरू झाला तरी दुसरी अडचण येईल. तुमची वर्गणी नव्या बॉक्सवर वळवली गेली असल्याने जुना निष्क्रिय झालेला असेल, आणि काही बॉक्समध्ये वर्गणी निष्क्रिय असताना जुने रेकॉर्डिंगही उघडत नाही. त्यासाठी कंपनीला लेखी कळवावे, की जुना बॉक्स त्याच ग्राहक क्रमांकावर काही दिवसांसाठी पुन्हा कार्यान्वित करावा. त्यांच्या ग्राहक व्यवस्थापन प्रणालीत हे करता येते. दूरध्वनीवरची व्यक्ती नाही म्हणाली तर तक्रार क्रमांक घेऊन नोडल अधिकाऱ्याकडे जावे. तो चालू झाला, तर एचडीएमआयवरून सासूबाईंना सगळे पुन्हा पाहता येईल. प्रत मात्र निघणार नाही.

पुढच्यासाठी एक सुचवतो. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्या डीडी फ्री डिशवर मिळतात आणि तेथे त्या केबलसारख्या कूटबद्ध नसतात. गच्चीवर छोटी डिश बसवण्याची परवानगी सोसायटीने दिली आणि यूएसबी रेकॉर्डिंग असलेला साधा फ्री टू एअर बॉक्स घेतला, तर त्यावर घेतलेली फाइल साधारणपणे उघडी असते. तुमचा संगणक आणि दोन्ही घरांतले टीव्ही ती तुमच्या वायफायवरून चालवू शकतील. बॉक्स घेण्यापूर्वी दुकानातच पेनड्राइव्हवर पाच मिनिटे रेकॉर्ड करून ती फाइल लॅपटॉपवर उघडते का ते पाहून घ्यावे, कारण काही स्वस्त बॉक्स उघड्या वाहिनीची फाइलही स्वतःच्याच ढंगात लिहितात. खासगी वाहिन्यांवरील मैफलींसाठी हा मार्ग नाही. त्या त्यांच्या अॅपवर जोवर ठेवल्या जातील तोवरच.